गृहनिर्मित लघुविमान

कारखान्यात विक्रीसाठी न बनविता एखाद्या व्यक्तीने वा छोट्या गटाने स्वतःच्या शिक्षणासाठी व हौसेखातर बांधलेल्या लहान विमानास गृहनिर्मित लघुविमान म्हणतात. अशी विमाने बहुधा एक वा दोन आसनांची असतात. त्यांचे रिकामे वजन साधारणपणे २५० ते ५०० किग्रॅ. व एंजिनाची शक्ती ५० ते १८० अश्वशक्ती असते. ती केवळ आराखड्यांवरून बांधली जातात किंवा अर्धवट तयार भागांच्या संचातून जुळविली जातात. मोटारगाडीप्रमाणे विकत घेऊन वापरावयाची ही वस्तू नव्हे. बांधणीनंतरही तिची जुळणी, समायोजन, साठवण व वाहतूक या जबाबदाऱ्या मालकावरच असतात. पंख काढता वा मिटवता येणारे विमान ट्रेलरवर घालून घरी आणता येते आणि विमानतळावरील जागेच्या भाड्याचा खर्च वाचतो, पण प्रत्येक वेळी पंख पुन्हा जोडताना चूक होण्याचा संभवही असतो. म्हणून या प्रकारच्या विमानात समायोजन व वाहतूक या दोन्ही गोष्टींना उड्डाणाइतकेच महत्त्व आहे.

इतिहास : राईट बंधूंचे १९०३ सालचे विमान एका अर्थी गृहनिर्मितच होते, परंतु इतरांनी बांधावे या हेतूने आराखडे खुले करण्याचा पहिला मोठा प्रयत्न आल्बेर्तो सांतोस-द्यूमाँ या ब्राझीलच्या वैमानिकाने केला. त्याचे ‘दम्वाझेल’ हे सु. ५ मी. पंखविस्ताराचे विमान १९०७ नंतर पॅरिसजवळ उडू लागले. ते इतके छोटे होते की मोटारगाडीवर लादून नेता येई. सांतोस-द्यूमाँने त्याचे एकस्व घेतले नाही आणि १९१० साली त्याचे आराखडे एका अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झाले. अमेरिकेत बर्नार्ड पीटेनपोल याने १९२९ साली फोर्ड मोटारीचे एंजिन बसवून लाकूड व कापड यांचे ‘एअर कँपर’ हे विमान उडविले.

फ्रान्समध्ये आंरी मिन्ये याचे ‘पू द्यू सिएल’ म्हणजे ‘आकाशातील ऊ’ हे विमान १९३३ साली उडाले. खोके बनविता येणाऱ्यास विमानही बनविता येईल, अशा भूमिकेतून त्याने आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली. युरोपात हजारो लोकांनी बांधणी आरंभिली. तथापि लागोपाठ प्राणघातक अपघात घडले. पुढील व मागील पंख एकमेकांच्या फार जवळ असल्याने विमान एका मर्यादेपलीकडे खाली झुकल्यास ते पुन्हा वर घेता येत नाही, असे वातविवरातील चाचण्यांत दिसून आले व अनेक ठिकाणी या विमानावर बंदी आली. बांधणी सुबक असली, तरी आराखड्यातील मूळ दोष तिने झाकला जात नाही, हा धडा त्यामुळे मिळाला.

१९५३ साली पॉल पोबेरेझ्नी याने अमेरिकेत ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली. १९७० पासून तिचे वार्षिक संमेलन ऑशकॉश येथे भरते. बर्ट रटन याने काचतंतू व फोम यांपासून बनविलेले ‘व्हॅरीईझी’ (१९७५) व ‘लाँग-ईझी’ (१९७९) हे नमुने प्रचारात आणले. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन याच्या ॲल्युमिनियमच्या ‘आरव्ही’ मालिकेतील ११,००० हून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. १९८० नंतर मिटवता येणाऱ्या पंखांची ‘ॲव्हिड फ्लायर’ व ‘किटफॉक्स’ ही विमाने आली आणि घरी ठेवण्याजोग्या विमानाची कल्पना रूढ झाली.

भारत व महाराष्ट्र : शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे, परंतु तिला समकालीन निःसंदिग्ध पुरावा नाही. या कथेशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाची बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली चिकित्सा केली. त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. नागरी उड्डाणाची प्रत्यक्ष परंपरा मुंबईत जुहू येथे १९२८ साली विमानतळ व उड्डाण मंडळ सुरू झाल्यापासूनची आहे. पंख काढून ठेवण्याची व पुन्हा जोडण्याची शिस्त मात्र विनाएंजिनाच्या ग्लायडरांच्या वापरातून रुजली. पुण्याजवळ हडपसर येथील ग्लायडिंग केंद्र हे तिचे महाराष्ट्रातील प्रमुख ठिकाण होय.

गृहनिर्मितीचे ठळक उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे आहे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादव यांनी आधीच्या दोन प्रयत्नांनंतर मुंबईत कांदिवली-चारकोप येथील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. गच्चीवरून ते सलग उतरविणे शक्य नव्हते. त्याचे भाग सुटे करून क्रेनने खाली आणले गेले व फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते पुन्हा जोडून मांडण्यात आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यास व्हीटी-एनएमडी हे नोंदणीचिन्ह मिळाले. पुढे धुळे विमानतळावर त्याच्या चाचण्या झाल्या. विमान बांधून झाल्यावर ते उतरविणे, नेणे, ठेवणे व त्यासाठी परवानगी मिळविणे ही कामेही बांधणीइतकीच कष्टाची असतात, हे या उदाहरणावरून दिसते.

मुंबईलगतच्या ठाणे-कल्याण पट्ट्यात ही अडचण अधिक जाणवते. खोपट, पाचपाखाडी, राबोडी यांसारख्या दाट वस्तीच्या भागांत ९ मी. पंखविस्ताराचे विमान जोडलेल्या स्थितीत ठेवण्यास जागा मिळणे दुरापास्त आहे. वागळे औद्योगिक वसाहतीत यंत्रकाम करणारे कारागीर आहेत, परंतु उडण्यास धावपट्टी नाही. कल्याणजवळ नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धात धावपट्टी बांधण्यात आली होती. तिच्या जमिनीच्या मालकीवरून २०१७ साली शेतकऱ्यांचे उग्र आंदोलन झाले आणि नागरी उड्डाणासाठी तिचा उपयोग होत नाही. शिवाय हा सर्व प्रदेश मुंबई व २०२५ साली उद्‌घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळांच्या नियंत्रित हवाई क्षेत्रालगतचा आहे. परिणामी येथे बांधलेले विमान उडविण्यापूर्वी धुळे, बारामती यांसारख्या ठिकाणी रस्त्याने न्यावे लागते.

मालकी व परवाना : भारतात नोंदणी व उड्डाणाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी असून त्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून मिळवाव्या लागतात. नोंदणीमुळे विमानाची ओळख व मालकी ठरते, ते उडण्यास योग्य आहे असे त्यामुळे सिद्ध होत नाही. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आला आहे. बांधणीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे, सामग्रीच्या खरेदीची प्रमाणपत्रे व कामाची दैनंदिनी जपून ठेवणे मालकाच्या हिताचे असते, कारण पंखाचे आवरण बसविल्यावर आतील सांधे कोणालाच पाहता येत नाहीत.

अमेरिकेत निम्म्याहून अधिक बांधकाम हौशी व्यक्तींनी शिक्षण वा करमणूक म्हणून केलेले असल्यासच विमान या वर्गात धरले जाते. निर्मात्यास त्या एका विमानाच्या वार्षिक तपासणीचा परवाना मिळू शकतो, पण विमान विकल्यावर तो परवाना नव्या मालकाकडे जात नाही. दुसऱ्याने बांधलेले विमान घेणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर याचा कॅलिफोर्नियात मृत्यू झाला, तो अशाच दुसऱ्याने बांधलेल्या व नुकत्याच खरेदी केलेल्या लाँग-ईझी विमानात. इंधनाची टाकी बदलण्याची कळ निर्मात्याने मूळ आराखड्याप्रमाणे न बसविता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसविली होती व तिच्यावर खुणा नव्हत्या. ती फिरविताना लक्ष विचलित झाले व उजव्या सुकाणूच्या पायपट्टीवर नकळत दाब पडून विमानावरील ताबा सुटला, असे अधिकृत चौकशीत आढळले. त्या प्रकारच्या विमानाचे अपुरे प्रशिक्षण हेही एक कारण नोंदविले गेले.

भूमितीय समायोजन : विमानाच्या निरनिराळ्या भागांचे परस्परांशी असलेले कोन व अंतरे आराखड्याप्रमाणे आणण्याच्या क्रियेस समायोजन म्हणतात. हे काम बंद जागेत करतात, कारण मंद वाऱ्यानेही मापे चुकतात. प्रथम धड ठोकळ्यांवर ठेवून आराखड्यात दिलेल्या संदर्भरेषेशी दोन्ही दिशांनी समपातळीत आणतात. नंतर शेपटीवरील मध्यबिंदूपासून प्रत्येक पंखाच्या टोकापर्यंतचे अंतर पोलादी फीत लावून मोजतात. दोन्ही अंतरे समान नसल्यास एक पंख दुसऱ्याच्या मानाने पुढे वा मागे आहे, असे समजतात.

यानंतर तीन कोन तपासतात. पंखाची टोके मुळापेक्षा किती वर उचललेली आहेत ते पहिल्या कोनावरून कळते व त्यावर विमानाचे डावे-उजवे स्थैर्य अवलंबून असते. दुसरा कोन पंख धडाशी करतो. तो दोन्ही बाजूंस सारखा नसल्यास एका पंखाचे उत्थापन अधिक होऊन विमान सतत दुसऱ्या अंगास कलते. तिसरा कोन म्हणजे मुळापासून टोकापर्यंत पंखास दिलेला पीळ. बऱ्याच विमानांत टोकाचा कोन मुळापेक्षा सु. २ ते ३ अंशांनी कमी ठेवतात. वेग फार कमी होऊन पंखावरील हवेचा प्रवाह तुटतो व उत्थापन घटते. या अवस्थेस स्टॉल म्हणतात. पीळ असल्यास ती आधी मुळाशी येते आणि टोकाकडील एलेरॉन काही काळ परिणामकारक राहतात.

चाचणी उड्डाणानंतर उरलेले दोष एकेक करून दूर करतात. एक पंख जड वाटल्यास आधी त्याचा कोन व इंधनाच्या टाक्यांतील पातळी पाहतात, घसरदर्शकातील गोळी एका बाजूस राहत असल्यास सुकाणूवरील लहान पट्टी किंचित वाकवितात. एका वेळी एकच फेरफार करून त्याची नोंद ठेवण्याची प्रथा आहे. दोन फेरफार एकत्र केल्यास परिणाम कोणत्या कारणाचा, हे समजत नाही.

वजन व समतोल : विमानाचे वजन मर्यादेत असणे पुरेसे नाही. त्याचा गुरुत्वमध्यही ठरावीक पट्ट्यात असावा लागतो. तो फार पुढे असल्यास उतरताना नाक उचलता येत नाही, फार मागे असल्यास विमान अस्थिर होते व स्टॉलमधून बाहेर काढणे अशक्य होऊ शकते. तिन्ही चाकांखाली काटे ठेवून वजन करतात. प्रत्येक वजनास संदर्भबिंदूपासूनच्या अंतराने गुणून परिबल काढतात व परिबलांच्या बेरजेस एकूण वजनाने भागले असता गुरुत्वमध्याचे स्थान मिळते.

उदा., एका विमानाच्या नाकाकडील चाकावर ६० किग्रॅ. (अंतर ०·९० मी.) व मागील दोन चाकांवर मिळून ३०० किग्रॅ. (अंतर २·४० मी.) भार आहे. परिबलांची बेरीज ५४ + ७२० = ७७४ किग्रॅ.-मी. व एकूण वजन ३६० किग्रॅ. असल्याने रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य २·१५ मी. वर येतो. आता दोन व्यक्ती १५० किग्रॅ. (२·२० मी.), ५० लिटर पेट्रोल म्हणजे सु. ३६ किग्रॅ. (२·५० मी.) व सामान १४ किग्रॅ. (२·९० मी.) मिळविल्यास वजन ५६० किग्रॅ. आणि गुरुत्वमध्य सु. २·२० मी. होतो. पंखाची पुढील कड १·८६ मी. वर व रुंदी १·२० मी. धरल्यास हे स्थान पंखाच्या रुंदीच्या सु. २८ टक्क्यांवर पडते. मागील मर्यादा ३० टक्के असल्यास ते सुरक्षित आहे. परंतु सामान १४ ऐवजी ४० किग्रॅ. घेतल्यास गुरुत्वमध्य सु. ३१ टक्क्यांवर जाऊन मर्यादा ओलांडतो. एकूण वजन मात्र ५८६ किग्रॅ. म्हणजे ६०० किग्रॅ. च्या मर्यादेतच राहते. केवळ काट्यावरील आकड्यावर विसंबणे धोक्याचे का, ते यावरून समजते.

नियंत्रक पृष्ठभाग : एलेरॉन, एलेव्हेटर व सुकाणू हे किती अंशांपर्यंत फिरावेत ते आराखड्यात दिलेले असते. कोनमापकाने ते मोजून अडथळे बसवितात. पोलादी तारांचा ताण ताणमापकाने तपासतात, कारण सैल तारेने प्रतिसाद मंदावतो व फाजील ताणाने कप्प्या झिजतात. ताण बदलण्यासाठी दोन्ही टोकांस उलटसुलट आटे असलेला टर्नबकल वापरतात. त्याच्या नळीबाहेर तीनपेक्षा अधिक आटे दिसू नयेत व तो फिरू नये म्हणून बारीक तारेने बांधावा, असा सर्वमान्य नियम आहे.

विशिष्ट वेगापलीकडे नियंत्रक पृष्ठभाग हवेत आपोआप थरथरू लागून ती थरथर क्षणार्धात वाढत जाते व सांगाडा मोडू शकतो. हे टाळण्यासाठी बिजागरीच्या पुढे शिसे वा पोलादाचा भार बसवून पृष्ठभाग समतोल करतात. रंगाचा केवळ एक जादा थर दिला तरी बिजागरीमागील वजन वाढून हा समतोल बिघडतो. म्हणून रंगकाम वा दुरुस्ती झाल्यावर पृष्ठभाग काढून त्याचा समतोल पुन्हा तपासणे आवश्यक असते.

एंजिन, प्रॉपेलर व इंधन : लघुविमानांत फोक्सवॅगन मोटारीचे रूपांतरित एंजिन, काँटिनेंटल कंपनीची एंजिने किंवा १९८९ पासून उपलब्ध असलेले ऑस्ट्रियाचे रोटॅक्स ९१२ ही एंजिने रूढ आहेत. जमिनीवर कोन बदलता येणाऱ्या प्रॉपेलरची पाती कमी कोनात ठेवल्यास चढण्याची क्षमता वाढते व अधिक कोनात ठेवल्यास सरळ उड्डाणाचा वेग वाढतो. सर्व पात्यांचे कोन अगदी सारखे नसल्यास कंप निर्माण होतो. भारतात इंधनाचा प्रश्न अलीकडे गंभीर झाला आहे. रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल चालते, परंतु २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलाची विक्री सुरू होऊन ती सर्वत्र पसरली. इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते, काही राळांच्या टाक्या व रबरी नळ्या त्याने खराब होतात. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या विमानाच्या टाकीत पाण्याचा थर वेगळा होण्याची भीती असते. म्हणून मोटारीसाठीच्या पंपावरील इंधन चाचणी केल्यावाचून भरू नये.

ट्रेलरवरून वाहतूक : विमानाचा सांगाडा हवेतील भार पेलण्यासाठी बनविलेला असतो, रस्त्यावरचे धक्के सोसण्यासाठी नव्हे. उड्डाणात पंखावरील भार सर्वत्र विभागलेला असतो. ट्रेलरवर मात्र तोच पंख दोन-तीन ठिकाणी टेकलेला असून खड्ड्यागणिक त्याच जागी आघात होतात. म्हणून पंख पुढील कड खाली करून, स्पार या मुख्य तुळईच्या व आडव्या फासळ्यांच्या जागी रुंद, मऊ झोळ्यांत ठेवतात. केवळ आवरणावर भार येऊ देत नाहीत. धड त्याच्या चाकांवर उभे करून आसाजवळ पट्ट्यांनी बांधतात. लांब शेपूट वर-खाली डोलत राहिल्यास तिच्या मुळाशी धातूला थकवा येतो, म्हणून तिच्याखाली आधार देतात. नियंत्रक पृष्ठभाग व प्रॉपेलर जखडतात. सैल ताडपत्री वाऱ्याने फडफडून रंग व पारदर्शक ॲक्रिलिक घासून काढते, म्हणून आवरण अंगाबरोबर घट्ट बसवितात.

ट्रेलरच्या एकूण वजनाचा सु. १० टक्के भार ओढणाऱ्या वाहनाच्या जोडावर यावा, अशी मांडणी करतात. तो फार कमी असल्यास ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे हेलकावे खातो. आपल्याकडील मोटार वाहन नियमांप्रमाणे वाहनाची रुंदी साधारणपणे २·६ मी. पेक्षा अधिक नसावी. त्यामुळे शेपटीचा आडवा पंख याहून रुंद असल्यास तोही काढावा लागतो. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी आवश्यक असते. ठाण्याच्या माजिवडा चौकापासून नाशिकमार्गे धुळ्यापर्यंतचा सु. ३०० किमी. चा प्रवास कसारा घाटातून जातो. अशा मार्गावर सकाळच्या वेळी, कमी वेगाने जाणे व पहिल्या १०-१५ किमी. नंतर थांबून सर्व पट्ट्या पुन्हा आवळणे हितावह असते. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर या काळात लाकूड, कापड व उघडे पोलाद यांना दमट हवेचा उपद्रव होतो. म्हणून ट्रेलर बंदिस्त असला तरी त्यास हवा खेळती राहील अशी झरोक्यांची सोय हवी.

पुनर्जोडणी व तपासणी : प्रवासानंतर पंख जोडताना स्पारच्या खिळी, त्यांच्या सुरक्षा पिना, एलेरॉनचे जोड, इंधननळ्या व वेगमापकाच्या हवेच्या नळ्या हा क्रम लेखी यादीप्रमाणे पाळतात. खिळ कधीही ठोकून बसवीत नाहीत. ती सहज जात नसल्यास पंखाची जुळणी चुकली आहे असे मानतात. हरवलेल्या बोल्टच्या जागी बाजारात मिळणारा सारख्या जाडीचा बोल्ट वापरणे निषिद्ध आहे. तो दिसण्यात सारखा असला, तरी त्याच्या पोलादाची ताकद व चिवटपणा यांची हमी नसते. जोडणीच्या वेळी मध्येच संभाषण वा अन्य काम निघाल्यास यादी पहिल्यापासून पुन्हा सुरू करतात.

अखेरीस दोघांनी मिळून करावयाची चाचणी येते. एक जण बाहेर उभा राहून एलेरॉन वा एलेव्हेटर हाताने धरून ठेवतो व दुसरा आत बसून दांडी हलवितो. दांडी अडली व बाहेर जोर जाणवला, तरच जोड खरा समजतात. पृष्ठभाग केवळ हलतो एवढे पाहणे पुरत नाही, कारण खिळ न घातलेला जोडही जमिनीवर काही काळ टेकून हलू शकतो व हवेत सुटतो. तसेच दांडी उजवीकडे नेली असता उजवा एलेरॉन वर गेला की नाही, हे मोठ्याने म्हणून पडताळतात. तारा उलट जोडल्यामुळे पहिल्याच उड्डाणात विमाने कोसळली आहेत.

नव्या विमानास अमेरिकेत परंपरेने २५ ते ४० तास निर्जन भागावर, प्रवासी न घेता चाचणी उड्डाणे करावी लागतात. हा काळ विमानाइतकाच मालकाच्याही परीक्षेचा असतो. या विमानाच्या दोषांची जबाबदारी घेणारा कारखाना पाठीशी नसतो. दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांनी झालेली तपासणी, प्रत्येक फेरफाराची लेखी नोंद आणि शंका असल्यास उड्डाण रद्द करून विमान ट्रेलरवरच परत नेण्याची तयारी यांवरच त्याची सुरक्षितता अवलंबून राहते.